न गळणाऱ्या टबाची गळती

टेम्पो रेवदंड्याच्या कोळीवाड्यात शिरला तो मागे सरकत, कारण सरळ शिरला असता तर पुन्हा बाहेर निघण्याची आशा नव्हती. मागे दोरखंडांनी आवळलेला एक भलामोठा निळा टब होता. गल्ली अरुंद आणि टब रुंद. त्यामुळे ओट्यांवरची जाळी उचलावी लागली, एक मोटरसायकल हलवावी लागली आणि शेजारच्या आवडाबाईच्या कोंबड्यांना तात्पुरतं स्थलांतर करावं लागलं. टब अंबाजी तांडेलाच्या अंगणात उतरला तेव्हा अर्धा कोळीवाडा तिथे हजर होता आणि उरलेला अर्धा वाटेवर होता.

“काय आणलंस रं दीपेश?” आवडाबाईने विचारलं.

“जकुझी,” अंबाजीचा मुलगा ऐटीत म्हणाला. “गरम पाण्यात बसायचं. आतून बुडबुडे येतात.”

“म्हंजे आंघोळीला?”

“नाय गो. आंघोळ करून मग बसायचं.”

“आंघोळ झाल्यावर कशाला बसायचं?”

दीपेश टबाचे दोरखंड सोडायच्या मागे लागला. त्याची आई सोनूबाई मात्र टबाभोवती एक फेरी मारून आली. तिने आयुष्यभर मासळी विकलेली. कुठलंही भांडं दिसलं की त्यात किती बर्फ आणि किती मासळी मावेल हा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचा.

“बरफ टाकला तं बाजाराची सगली सुरमई राहील,” ती म्हणाली. “पन आतमदी ह्या बसायच्या पायऱ्या कशाला केल्यात? म्हावरं काय बसून राहतं?”

टब आणण्याची कल्पना सून भाविकाची. घराच्या माडीवरच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देत असे. जेवण सोनूबाईच्या हातचं, समुद्र दारात, आणि तरीही फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न, ‘स्विमिंग पूल आहे का?’ नाही म्हटलं की समोरचा माणूस ‘घरी विचारून कळवतो’ म्हणायचा, आणि घरचे बहुधा त्याला कळवू द्यायचे नाहीत. अंगणात पूल खणायचा तर अंगण संपून स्वयंपाकघर लागत होतं. तेवढ्यात दीपेशला नागावच्या एका बंगल्यातला वापरलेला टब मिळाला. बंगल्याचा मालक म्हणाला होता, थोडं किरकोळ काम निघेल. जुनी वस्तू विकणाऱ्याचं ‘किरकोळ’ आणि इंजेक्शन देणाऱ्याचं ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ ही एकाच जातीची वाक्यं असतात.

टबात पाणी सोडलं. ते वरून जेवढ्या उत्साहाने आत गेलं तेवढ्याच उत्साहाने खालून बाहेर आलं. नुकत्याच परतलेल्या कोंबड्या पुन्हा स्थलांतरित झाल्या. दीपेशने पनवेलच्या एका कारागिराला फोटो पाठवले. त्याने फोटो पाहून कळवलं की यापेक्षा नवीन घ्या.

इतका वेळ ओट्यावर बसून असलेला अंबाजी आता उठला. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि अंबाजीने उभी हयात तांडेलकी केली होती. गुडघ्यांनी दगा दिला, दीपेशला समुद्र मानवेना, म्हणून गेल्या वर्षी त्याने होडी विकली. तेव्हापासून त्याला काम म्हणून नव्हतं. होडीची एकच वस्तू त्याने देताना मागे ठेवली होती. तेलाचा डबा तिरका कापून केलेला, पाणी उपसायचा डबा. घेणाऱ्याने मागितला तर अंबाजी म्हणाला, ‘होडी घे, इंजिन घे, पन ह्यो न्हाय.’

त्याने बोटाच्या पेराने टब ठोकून पाहिला.

“फायबर हाय ना?”

“हो बाबा.”

“मंग होडीच हाय ती. कुनाला बोलवू नका.”

“बाबा, होडी वेगळी, टब वेगळा.”

“काय वेगळं? हितं फायबर, तितं फायबर. हितं पानी, तितं पानी. माज्या हातच्या होडीत कवा पानी आलं न्हाय. ह्याच्यातून एक थेंब गळला तं अंबाजी तांडेल नाव लावनार न्हाय!”

हे त्याने अर्ध्या कोळीवाड्यासमोर उच्चारल्यामुळे आता मागे घेण्याची सोय उरली नाही. भाविकाला सासऱ्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं तेज दिसलं. तिने नवऱ्याला गप्प केलं.

“टब बाबांच्या ताब्यात,” ती म्हणाली. “नाताळाच्या सुट्टीचं बुकिंग मी घेतलंय. तोपर्यंत झाला पाहिजे.”

“आणि नाय झाला तर भंगारवाल्याला,” दीपेशने जोडलं.

अंबाजीने दादूला बोलावलं. दादू म्हणजे त्याचा बालमित्र आणि होड्या दुरुस्त करणारा जुना कारागीर. दोघांची मैत्री इतकी घट्ट होती की एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. टब उपडा केला, तडा सापडला, आणि लेप आतून द्यायचा की बाहेरून यावर दोघे सकाळपासून जेवणापर्यंत भांडले.

“होडीला लेप भायरून देतात,” अंबाजी म्हणाला.

“पानी भायर असतं म्हनून. हितं पानी आत हाय.”

“पानी आत असंल तं ती बुडाली, दादू! बुडालेल्या होडीला लेप देतात काय?”

सोनूबाईने जेवायला हाक मारली म्हणून तह झाला आणि लेप दोन्हीकडून दिला गेला. फायबरचं कापड, वर रेझिन, घासून गुळगुळीत. काम खरोखर देखणं झालं. दीपेशने पंप जोडला, हीटर लावला. बुडबुडे सुरू झाले तेव्हा घरातले पंखे किंचित मंदावले, पण पाणी गरम झालं आणि टबातच राहिलं. अंबाजीने टबाच्या कडेला एक खिळा ठोकून त्यावर आपला उपसायचा डबा अडकवला. पाण्याच्या वस्तूजवळ डबा असावा, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटं खाली होतं.

दादूने कोळशाने रेघ मारली. पाणी रेघेपर्यंत भरलं. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा चार बोटं खाली. खाली जमीन कोरडी, लेप शाबूत, पायपाचे सांधे कोरडे. अंबाजी रोज सर्वांच्या आधी उठे. चहाचा पेला घेऊन टबाच्या काठावर बसे, दादूला फोन लावून त्याच्याशी भांडे आणि विचार करी. मागे सोनूबाईचा अळवाचा वाफा होता, त्याची पानं वाऱ्यावर त्याच्या पाठीला लागत. यंदा अळू काय माजलं होतं! एकेक पान सुपाएवढं. पण अंबाजीचं लक्ष अळवात कुठलं असायला! पाणी जातं कुठे या एका प्रश्नाने त्याला पोखरलं होतं. उजाडेपर्यंत तो तिथेच बसून राही आणि मग घरातले उठून पाहत तेव्हा पाणी उतरलेलं असे.

“वाफ होत असेल,” भाविका म्हणाली.

“हीटर बंद असतो रातचा,” दीपेश म्हणाला.

“मंग काय दिसत न्हाय अशी गळती असंल,” दादू म्हणाला. “होडी असती तं पान्यात सोडून बगितली असती. पानी कुठून आत येतं ते लगेच दिसतं.”

अंबाजीने त्याच्याकडे पाहिलं. दादूने अंबाजीकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं एकमत झालं, आणि सगळे घोटाळे तिथूनच होतात.

पंप सोडवला, पायपांच्या तोंडांत लाकडी बुचं ठोकली, आणि भरतीच्या वेळी आठ जणांनी टब खांद्यावर घेतला. सोनूबाई नारळ घेऊन मागोमाग निघाली.

“आई, नारळ कशाला?” भाविकाने विचारलं.

“पान्यात सोडतात ना? मंग दर्याला इचारायला नको?”

नारळ वाढवला, हळदकुंकू लागलं, आवडाबाईने झेंडूची माळ घातली आणि टब खाडीत उतरला. काय तरंगला! अंबाजी चप्पल काढून आत गेला, कारण होडीत चप्पल घालून जात नाहीत. बसायच्या पायरीवर बसून त्याने तळ हाताने चाचपला. एक थेंब नाही.

“सुकी हाय!” तो ओरडला. “बगून घ्या सगल्यांनी, सुकी हाय!”

काठावर टाळ्या पडल्या. त्या गडबडीत ओहोटी लागलेली कुणाच्या ध्यानात आली नाही. दोरी दादूने धरली होती, म्हणजे अंबाजीला तसं वाटत होतं. दादूला वाटत होतं की ती दीपेशने धरली आहे. टबाला होडीसारखी नाळ नाही, सुकाणू नाही, पुढचं-मागचं काही नाही. तो गोल गोल फिरत निघाला. एकदा अंबाजीचं तोंड कोर्लईच्या डोंगराकडे होई, एकदा कोळीवाड्याकडे. दर फेरीला कोळीवाडा थोडा लहान दिसे. पण गड्याने हात जोडले नाहीत की हाक मारली नाही. माळ घातलेल्या टबात तो ताठ बसून होता. वर्षभराने पाण्यावर आलेला माणूस खुशीत नसेल तर काय असेल?

परतणाऱ्या एका होडीने त्याला दोर टाकून ओढून आणलं. त्या होडीवरचा तरुण तांडेल काठ येईपर्यंत कसाबसा गंभीर राहिला.

“काका,” शेवटी त्याने विचारलं, “म्हावरा गावला काय?”

काही असो, परीक्षा झाली होती. टब गळत नव्हता. तो पुन्हा अंगणात आला, पंप जोडला, रेघेपर्यंत भरला. आणि सकाळी पाणी चार बोटं खाली.

“खाडीत गळत नाय, अंगणात गळतो,” दीपेश म्हणाला. “बाबा, हे आता आपल्या हातचं नाय.”

मध्येच म्हसळ्याला अंबाजीच्या भाचीचा साखरपुडा निघाला. टबाला सोडून जायला त्याचा पाय निघेना, पण मामाशिवाय कसं होणार? पाण्यावर लक्ष ठेवायला दादूला बसवून तो सोनूबाईबरोबर गेला. दोघे मुक्काम करून परतले तर दादू टबाच्या काठावर पायावर पाय टाकून बसलेला.

“बग रेघ,” दादू म्हणाला.

पाणी रेघेला टेकलेलं होतं. सूतभर इकडे-तिकडे नाही.

“काय केलंस?” अंबाजीचा आवाज खाली आला.

खरं तर दादूने काही केलं नव्हतं. पण असा प्रश्न उभ्या आयुष्यात त्याला अंबाजीने प्रथमच विचारला होता, आणि ही संधी वाया घालवण्याइतका तो साधू नव्हता.

“हात फिरवला थोडा,” तो म्हणाला. “कारागिराचा हात वेगळा असतो.”

संध्याकाळपर्यंत कोळीवाडाभर झालं की दादूने नुसता हात फिरवला आणि गळती थांबली. आणि दुसऱ्या सकाळी, अंबाजी घरी असताना, पाणी पुन्हा चार बोटं खाली गेलं.

“पायगुन,” दादूने जाहीर केलं. “मी असलो की ऱ्हातं, तू आलास की जातं.”

त्या दुपारी सोनूबाईने ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं. अंबाजीने ताटाला हात लावला नाही. आता मात्र सोनूबाईला काळजी वाटली. होडी विकली त्या दिवशीसुद्धा तो दोनदा भात मागून जेवला होता.

“अवो, एका पान्याच्या डोणीसाठी जीव कशाला टाकताय?”

“डोण न्हाय गो,” अंबाजी म्हणाला. “आता लोक बोलतील, म्हाताऱ्याचा हात गेला. गुडघं गेलं तवा काय वाटलं न्हाय. पन हात गेला तं मंग काय उरलं?”

पाहुणे ठरल्याप्रमाणे आले. मृणाली आणि तिचा नवरा, पुण्याचे. दोघांना सगळंच आवडलं. तळलेली मांदेली आवडली, आवडाबाईच्या कोंबड्या आवडल्या, आणि संध्याकाळी गरम पाण्यात बसून खाडीवरचा सूर्यास्त पाहताना तर दोघांची बोलतीच बंद झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोनूबाई डोकावली.

“कोळंबी उकडतात तशीच दिसतात,” ती सुनेला हळूच म्हणाली. “पन खूश हायत.”

सकाळी सगळे ओट्यावर न्याहारीला बसले. तांदळाचे पोळे, चहा. दीपेश टबापाशी जाऊन आला आणि मान हलवत बसला.

“परत उतरलंय. भाविका, आजचे पाहुणे गेले की मी भंगारवाल्याला फोन करतो. बाबा, तुम्ही लय केलंत. पण जाऊ दे आता.”

 अंबाजीने पोळ्याचा घास ताटात परत ठेवला. भाविकाला त्याच्याकडे बघवेना, म्हणून तिने उगाच चहा ओतायला घेतला.

“पण भंगारात का?” मृणालीने विचारलं. “इतका छान आहे. आणि काका किती निगा राखतात त्याची! रोज पहाटे जुनं पाणी काढून टाकतात ना? मी आमच्याकडे मोठमोठ्या रिसॉर्टमध्येही असं पाहिलं नाही.”

“कोण काढतं?” दीपेशने विचारलं.

“काका. मी सूर्योदयाचा व्हिडिओ घेत होते ना गॅलरीतून, त्यात आलेत.”

तिने मोबाईल पुढे केला. सगळ्यांची डोकी एकत्र आली. पडद्यावर पहाट होती, खाडी होती, आणि टबाच्या काठावर पाठमोरा अंबाजी होता. डाव्या हाताने कानाला फोन. उजव्या हातात तो कापलेला डबा. हात खाली जाई, डबा भरे, खांद्यावरून मागे अळवाच्या वाफ्यात रिकामा होई, पुन्हा खाली. न बघता, न थांबता, वल्ह्याच्या ठेक्यात. आणि या सगळ्यावर अंबाजीचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

“दादू, तुला शंभर येळा सांगितलं. माज्या हातची होडी हाय ती. गळनार न्हाय!”

झपाक. एक डबा अळवात.

“मंग पानी जातं कुठं, ते सांग मला!”

झपाक. दुसरा डबा.

 अंबाजीने मोबाईल हातात घेतला आणि स्वतःला पाहिलं. मग स्वतःचा उजवा हात पाहिला. उभी हयात रोज पहाटे होडीवर जायचं आणि पहिल्यांदा तळात साचलेलं लाटांचं पाणी उपसायचं, हा त्या हाताचा शिरस्ता. होडी विकली तरी हाताला कुणी कळवलं नव्हतं. डोळ्यांसमोर होडी, होडीत पाणी, शेजारी डबा. त्यात मालकाला विचारायचं काय?

“मी?” तो म्हणाला. “ह्यो मी हाय?”

पहिल्यांदा भाविकाला हसू फुटलं, मग दीपेशला, आणि मग कुणालाच आवरेना. मृणालीला काय झालं ते कळेना, पण तीही हसू लागली. सोनूबाई तेवढी पदर तोंडाला लावून बसली होती.

“आई, तू तर रोज खिडकीत असतेस,” दीपेश डोळे पुसत म्हणाला. “तुला दिसलं नाय?”

“दिसलं की,” सोनूबाई म्हणाली.

“मग बोलली का नाय?”

“मला काय ठाव! येवढीशी दोन डबं पानी काढून येवढी मोठी डोण उतरंल काय? मला वाटलं, माज्या अळवाला पानी घालतात.” तिने पदर सारखा केला. “लगीन झाल्यापासून पहिल्यांदा माज्यासाठी काय तरी न सांगता करीत व्हते. मी बोलले असते तं बंद केलं असतं.”

हसणं थांबलं. अंबाजीने बायकोकडे पाहिलं, अळवाकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

“तुज्या अळवासाठीच घालत व्हतो,” तो म्हणाला.

“व्हय, व्हय,” सोनूबाई म्हणाली. ती लाजली होती आणि ते लपवायला तिने त्याच्या ताटात आणखी दोन पोळे टाकले. ते त्याने खाल्ले. त्यानंतर आणखी एक मागून घेतला, कारण आता त्याच्या डोक्यात खरी गोष्ट शिरली होती.

“म्हंजे दीपेश,” त्याने विचारलं, “ती गळत न्हाय?”

“नाय बाबा. गळत नव्हतीच.”

“लेप दिला त्या दिसापासून?”

“अगदी त्या दिवसापासून.”

“आवडाबाय!” अंबाजीने तिथूनच हाक दिली, “ऐकलंस काय? सांग सगल्यांना!”

भंगारवाल्याचा विषय संपला. जाताना मृणालीने मोबाईलवर जे लिहिलं त्यात जेवणाची तारीफ होती, खाडीची होती, आणि घरातले काका रोज पहाटे स्वतःच्या हातांनी थोडं पाणी बदलतात, टब इतका स्वच्छ कुठेच पाहिला नाही, असंही होतं. ते वाचून आणखी फोन येऊ लागले. स्विमिंग पूलचं कुणी विचारीना. ‘ते पाणी बदलणारे काका आहेत ना?’ एवढंच विचारत. भाविकाने ठरवून टाकलं की उपसणं चालू ठेवायचं. सोनूबाई त्या अळवाच्या वड्या पाहुण्यांना घालू लागली.

अडचण एकच आली. नव्या व्यवस्थेच्या पहिल्या पहाटे अंबाजी रीतसर काठावर बसला, डबा हातात घेतला आणि पाणी उपसायला गेला, तर हात चालेना. पहिला डबा त्याने स्वतःच्या पायावर ओतला, दुसरा चहात. ठरवून उपसायचं म्हटल्यावर त्या हाताला कसं ते आठवेना. शेवटी त्याने डबा मांडीवर ठेवला आणि दादूला फोन लावला.

“दादू, तुजा तो आतला लेप कच्चा व्हता, मी तवाच बोललो व्हतो.”

पलीकडून दादू खवळून बोलू लागला. अंबाजीही चढ्या आवाजात बोलू लागला. त्याच्या पाठीमागे अळवात पहिला डबा रिकामा झाला, मग दुसरा, आणि खिडकीआड सोनूबाईने चहाचं आधण ठेवलं.